अप्पांचा शब्द

"इष्टलिंगावर हात ठेवा, अप्पा, आन् खरं सांगा," उत्तरेश्वर म्हणाला.

महालिंगप्पांच्या दुकानासमोर पंधरा-वीस जण उभे होते. हातात काठ्या, कुऱ्हाडी. निजामाचं राज्य बुडून आठ दिवस झाले होते आणि बेंबळीत आता ज्याच्या हाती काठी त्याचाच कायदा होता. मधोमध दस्तगीर पिंजारी उभा होता. कापूस पिंजता पिंजताच त्याला ओढून आणलेलं. दाढीत कापसाचे पुंजके तसेच अडकलेले.

"हा म्हणतोय, आमच्या पुढाऱ्याला ह्यानं कधी शिवी दिली न्हाय. रोज तुमच्याच पायरीवर बसायचा. तुमचा शब्द आमाला पुरे."

दिवस वेगळे असते तर महालिंगप्पांना हसूच आलं असतं. शिवी! वीस वर्षं दोघं त्या पायरीवर भांडत आले होते. आधी बैलांवरून, मग पावसावरून, आणि गेली दोन वर्षं पुढाऱ्यांवरून. महालिंगप्पा रझाकारांच्या म्होरक्याला पिसाळलेलं कुत्रं म्हणायचे. दस्तगीर म्हणायचा, "आन् तुझा पुढारी म्हंजी खादी नेसवलेलं बुजगावणं. भाडखाऊ, लोकांची पोरं तुरुंगात धाडतो आन् आपण जेवून झोपतो." जिभेला हाड नसतं. शिव्या संपल्या की दस्तगीर विडा मागायचा, आणि महालिंगप्पा मुद्दाम चुना जास्त लावून द्यायचे.

फाल्गुनात रझाकार गावात शिरले, तेव्हा हे अंगाशी येणार असं महालिंगप्पांना वाटलं होतं. त्यांचं ते 'पिसाळलेलं कुत्रं' सगळ्या पेठेनं ऐकलेलं. उत्तरेश्वरच्या थोरल्या भावाला त्या दिवशी पारापाशी गोळी घातली. महालिंगप्पांच्या दुकानावरून मात्र रझाकार सरळ निघून गेले. महालिंगप्पांनी महादेवाला अभिषेक घातला. देवानं राखलं, असंच ते सगळ्यांना सांगत. दस्तगीर तेवढा त्यानंतर बरेच दिवस गप्प गप्प असायचा. शुक्रवारचं मशिदीत जाणंही त्यानं सोडलं होतं. विचारलं तर म्हणायचा, "गुडघे धरलेत."

महालिंगप्पांनी गळ्यातल्या चांदीच्या डबीवर हात ठेवला. आतल्या इष्टलिंगावर हात ठेवून त्यांच्या घराण्यात कुणी खोटं बोललं नव्हतं. अप्पा म्हणजे खऱ्याचा माणूस, असं गाव म्हणायचं आणि अप्पांना ते ऐकायला फार आवडायचं. भीती वाटत होती, हेही खरंच. खोटं बोललो आणि गर्दीतलाच एखादा म्हणाला, आम्ही ऐकलंय, तर?

त्यांनी दस्तगीरकडे पाहिलं. त्याच्याइतका निवांत माणूस त्या गर्दीत दुसरा नव्हता. विड्याची वाट बघत बसायचा, तसा तो त्यांच्याकडे बघत होता. महालिंगप्पांना त्याचं नवल वाटलं.

"व्हय," ते म्हणाले. "बुजगावणं म्हणायचा. भाडखाऊ बी म्हणायचा."

आपण काय काय म्हणायचो, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

दस्तगीरला ओढ्याकडे नेलं. जाताना त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं. चार थोबाडीत देतील, माफी मागायला लावतील, सोडतील, असं महालिंगप्पा स्वतःला सांगत राहिले. तासाभरानं माणसं परत आली. दस्तगीर आला नाही.

तेव्हापासून दुपार झाली की महालिंगप्पांना पिंजारगल्लीतून कापूस पिंजायच्या कमानीचा आवाज ऐकू यायचा. टँव, टँव. ते दुकान सोडून गल्लीत जायचे. कमान दस्तगीरच्या बंद दाराशी भिंतीला टांगलेली असायची, तिच्या तातीला कापसाचा एक धागा. परत आल्यावर पायरीवर बसायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते उठवायचे. हात सवयीनं विडा लावायचा, चुना जास्त व्हायचा, आणि तो विडा संध्याकाळपर्यंत पायरीवर वाळत पडायचा. रात्री डबी छातीवर जड व्हायची. पण खोटं तर बोललो नाही, असं ते अंधाराला सांगायचे.

पंधरा दिवसांनी दस्तगीरची बायको रहिमतबी आली. ती भावाकडे सोलापूरला निघाली होती. गठुडं पायरीवर ठेवून ती खालीच बसली, दस्तगीर बसायचा त्या जागी. महालिंगप्पांना तिच्याकडे बघवेना.

"भाभी, इष्टलिंगावर हात होता माझा," ते म्हणाले. "खोटं कसं बोलू?"

रहिमतबीनं गठुड्याची गाठ पुन्हा आवळली.

"फाल्गुनात त्यांच्या बी डोक्यावर कुराण ठिवलं होतं, अप्पा. रझाकारांनी. दुकानवाला अप्पा आमच्या म्होरक्याला शिव्या देतो का, म्हणून पुसत होते."

महालिंगप्पांचा हात छातीकडे गेला आणि मध्येच थांबला.

"न्हाय म्हणाले. कधीच न्हाय म्हणाले. घरी येऊन लेकरावानी रडले. आता मशिदीत कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणाले."

ती उठली. गठुडं डोक्यावर घेतलं.

"म्या लई बोलले त्यांना. दुसऱ्यापायी कुराणाची खोटी शपथ घेतली म्हणून. तवा मलाच म्हणाले, गप बस. महालिंगानं बी माझ्यासाठी हेच केलं असतं."