दोन आवाजांचा तक्ता

आईच्या पत्राला एफ्राइनने सात महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र गावच्या गुरुजींच्या हातचं. आईला अक्षरओळख नाही. तिने लिहवून घेतलं होतं, "तुझी पत्रं गुरुजी वाचून दाखवतात. आता तुझी आठवण काढली तरी कानात गुरुजीच बोलतात. कॅसेटवर तुझा आवाज भरून पाठव." त्याने तीनदा भरला, तीनदा पुसला. एकदा आवाज शहरी, लिमाचा निघाला. पुढच्या दोन्ही वेळा, आपण लिमाचे नाही हे मुद्दाम दाखवणारा.

आज तोच आवाज तो लिमाच्या बाजारात गाळ्यागाळ्यांतून ऐकवत फिरत होता. विद्यापीठाचं काम. मजकूर एकच, स्पॅनिशमधला. आवाज दोन, एक शहरी, एक डोंगराकडचा. बँकेत कोण शोभेल, दुकानाची किल्ली कुणाला द्याल, ते ऐकणाऱ्याने सांगायचं. प्रत्येकाचं उत्तर दुसऱ्या यंत्रावर वेगळ्या कॅसेटवर भरून घ्यायचं. दोन्ही आवाज एफ्राइनचेच, पण ते सांगायला मनाई होती. प्राध्यापक बाईंचा आणखी एक नियम होता: विचारणारा आपलं काही बोलला, की ती कॅसेट बाद.

सकाळपासून बत्तीस जण झाले. पहिल्याला बँक, दुसऱ्याला हमाली. कोंबडीवाला तर दुसऱ्याला हमालीलाही ठेवायला तयार नव्हता, आणि तो स्वतः एफ्राइनच्याच खोऱ्यातला. एफ्राइन मान वर न करता आकडे भरत होता. पेनाचं टोपण चावून चावून चपटं झालं होतं.

शेवटचा गाळा बटाटेवाल्या साबिनाचा. तिने डोळे मिटून दोन्ही ऐकले. एफ्राइनने उत्तरासाठी दुसरं यंत्र सुरू केलं.

"किल्ली? दोघांनाही नाही," ती म्हणाली. "पहिला घाबरलाय. दुसरा आमची नक्कल करतोय. खरा माणूस नाही मिळाला का रे कुठे?"

एफ्राइनने तक्ता खाली ठेवला. "दोन्ही मीच आहे, मावशी."

साबिना हसली नाही. तिने पोतं सरकवून त्याला बसायला जागा केली, एक उकडलेला बटाटा हातावर ठेवला आणि डोंगराकडच्या केचुआ भाषेत विचारलं, कुणाचा तू. त्यानेही केचुआतच सांगितलं. मग पत्राचं सांगितलं, पुसलेल्या कॅसेटचं सांगितलं. थंडीत गारठवलेले बटाटे सुकवण्यासाठी पायांनी तुडवताना आई गाते की शिव्या देते, असं तिने विचारलं. दोन्ही, तो म्हणाला, आणि आईच्या शिव्या जशाच्या तशा म्हणून दाखवल्या. शेजारच्या गाळ्यावरची बाई हसता हसता खाली बसली. मग तोही हसला.

साबिनाने यंत्राकडे हनुवटी उडवली. "आता कर बंद. केव्हाचं चालूच आहे ते. तुझ्या आईला एवढं पुरेल."

तक्त्यात दोनच आवाजांना जागा होती. साबिनाच्या नावापुढे त्याने 'बाद' लिहिलं, आणि पाच वाजायच्या आत तिसरा आवाज आईच्या नावाने टपालात टाकला.