एकोणतीस–एकोणतीस

“चहा घेणार?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“सही घेणार,” प्राध्यापिका म्हणाली.

तिनं टेबलावर कागद ठेवला, कागदावर पेन ठेवलं आणि खुर्चीत ताठ बसली. विद्यापीठात मुलं तिला पाठीमागं ‘रेषाबाई’ म्हणायची. बॅडमिंटन कोर्टाच्या रेषा, त्या रेषांवर नजर ठेवून बसणारे पंच आणि त्या पंचांच्या डोळ्यांच्या चुका, यापलीकडे बाईंनी आयुष्यात दुसरं काही शिकवलंच नव्हतं. समोरचा म्हातारा तसाच एक रेषापंच. आता निवृत्त. गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू.

“अठरा वर्षं झाली, बाई.”

“मला मोजता येतं.”

अठरा वर्षांपूर्वीची अंतिम फेरी. तिसरा गेम. एकोणतीस–एकोणतीस. यापुढे बॅडमिंटनमध्ये वाट नसते; पुढचा पॉइंट जिचा, तिची मॅच. शटल मागच्या रेषेवर पडलं. रेषेवर पडलेलं आतच धरतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण या माणसानं दोन्ही हात पसरले आणि ओरडला, “बाहेर!” मुख्य पंचानं मान डोलावली. खेळ खल्लास. त्या दोन हातांनी दोन पोरींची आयुष्यं दोन दिशांना फेकली.

त्या दिवशी तिनं रॅकेट पिशवीत घातली ती घातलीच. खेळाडूंच्या राखीव जागेवर विद्यापीठात शिरली, शिकली, तिथंच शिकवायला लागली. लग्न केलं नाही. एक खोली, एक ताट, एक वाटी. घरात दुसऱ्याचा आवाज म्हणजे वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तर तेवढा. कुणा प्रेक्षकानं घेतलेली नऊ सेकंदांची एक फीत तिनं कुठून कुठून मिळवली होती. वर्गात ती शेकडो मॅचच्या फिती दाखवायची. ही मात्र घरी. एकटीनं. जेवता जेवता.

हरलेल्याला कोण विचारतं? दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याचं नाव चुकीचं छापलं तरी कुणाच्या बापाचं काही जात नाही. खिलाडूवृत्ती म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. हा शब्दच मुळी जिंकणाऱ्यांनी शोधला असावा.

“एका पॉइंटला अठरा वर्षं?” विभागप्रमुख जेवणाच्या सुट्टीत म्हणायचे. “मॅडम, लोकांचे संसार एवढे टिकत नाहीत!” सगळे हसायचे. ती डबा बंद करून उठायची.

भावानं तर आज सकाळीच फोन केला होता. “गाडलेली मढी कशाला उकरतेस? आईचा तरी विचार कर.”

“आईचाच करतेय, दादा. ती अजून आल्यागेल्याला ती मॅच सांगत बसते. ऐकवत नाही मला.”

“मग कान बंद कर. सही मागत दारोदार फिरणं शोभतं का तुला?”

तिनं फोन ठेवला होता.

बॅडमिंटन संघटनेचा नियम साधा होता. चुकलेल्या पंचानं स्वतः लिहून दिलं आणि त्या मॅचमधल्या खेळाडूनं अर्ज केला, तरच निकालाची वही उघडायची. तिच्या अर्जाला आता फक्त म्हाताऱ्याची सही हवी होती. त्याचे डोळे मिटले की वही कायमची मिटणार होती.

“मला तेव्हा बाहेर दिसलं,” म्हातारा म्हणाला. “देवाशपथ.”

“दिसलं नाही तुम्हाला. शटल पुढं जातं, डोळा मागं राहतो, उरलेलं डोकं ठरवून टाकतं. चारशे पंचांवर तपासलंय मी. तुमचा दोष नाही.”

“मग कुणाचा?”

तिनं कागद त्याच्यापुढं सरकवला.

“तुम्ही तर माझ्याहून जवळ होतात,” म्हातारा म्हणाला. “तेव्हाच का नाही बोललात?”

“बावीस वर्षांची होते. घशातून आवाज निघाला नाही. झालं समाधान?”

म्हाताऱ्यानं पेन उचललं, पुन्हा ठेवलं. “चाळीस वर्षं इमानानं बसलो त्या खुर्चीत. आता जाताजाता अब्रू घालवू?”

“एकट्याची नाही जाणार.”

“आणि तुम्हाला यातून काय मिळणार?”

“काही नाही.”

म्हाताऱ्यानं पेन पुन्हा उचललं. मग कागद चांगल्या डोळ्याजवळ नेला. ‘ते शटल आत होतं. माझा निर्णय चुकीचा होता.’ दोनच वाक्यं. त्यानं दोनदा वाचली आणि सही केली.

“एवढी माणसं झाली माझ्या खुर्चीसमोर,” तो म्हणाला, “शिव्या देणारी, रॅकेट आपटणारी. तुमच्यासारखी कुणी आली नाही हो.”

ती तडक संघटनेच्या कचेरीत गेली. स्टेडियमच्या जिन्याखालची खोली, ओल धरलेली भिंत, लोखंडी कपाटात वर्षावर्षाच्या वह्या. कारकुनानं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि अर्ज वाचला. वाचता वाचता त्याचा चेहरा तापत गेला.

“आत होतं म्हणजे आत होतं! माझ्या पोरीलाही एकदा असंच घातलं होतं खड्ड्यात. ती आठवडाभर जेवली नाही. तुम्ही लढलात, मॅडम. मानलं तुम्हाला.” त्यानं वही काढली, धूळ झटकली, लाल पेनाचं टोपण उघडलं. “माझ्या हातानं लिहितो तुमचं नाव. विजेती म्हणून, ठसठशीत.”

त्याचं बोट ओळींवरून खाली सरकत गेलं. एका ओळीवर थांबलं. तिथंच राहिलं.

“मॅडम, काहीतरी घोळ आहे. इथं विजेती म्हणून तुमचंच नाव आहे.”

“तेच खोडायचंय,” ती म्हणाली.