दुतोंडी पेटीचं अपील

"तुमच्या आधी ही युक्ती कोणीच वापरली नाही, असं शपथेवर सांगाल ना?" सौंसरच्या भगवंतराव वकिलांनी विचारलं.

"बेधडक!" मोरेश्वर म्हणाला.

पेटी दोघांच्या मधोमध होती. दोन्ही तोंडांनी उघडी. पांढुर्ण्याच्या मालधक्क्यावर दोन कारकून तिच्या दोन बाजूंना बसणार. एकानं संत्र्याच्या वजनाची चिठ्ठी आत ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. एकाचा हात आत असेतोवर लाल पट्टी आडवी. तोवर दुसऱ्यानं थांबायचं. बोलायचं काम नाही. कलकत्त्याहून पेटंटच्या अर्जाला उत्तर आलं होतं, यात नवं काही नाही. म्हणून आता अपील. ते हरून चालणार नव्हतं. आपली पेटी प्रत्येक स्टेशनावर बसणार, हे मोरेश्वरनं थेट तिगावच्या हमालांपर्यंत सांगून ठेवलं होतं.

"नलिनी, चहा टाक," त्यानं बायकोला हाक मारली.

मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्याच साली या घराचीही वाटणी झाली होती. तेव्हापासून नलिनी आणि तिची थोरली जाऊ प्रेमलता यांचा अबोला. दोन स्वयंपाकघरांमधल्या भिंतीत एक आरपार कोनाडा तेवढा उरला होता. नलिनीनं त्यात पळी आडवी ठेवली, रिकामं भांडं सरकवलं, पळी उचलली. पलीकडे बांगड्या वाजल्या. पळी तिकडून आडवी झाली. उठली, तेव्हा भांड्यात दूध होतं.

वकिलांनी चष्मा लावला.

"हे कधीपासून चालू आहे?"

"वाटणीपासून. दोघी एकीहून एक हट्टी हायेत, साहेब."

"आणि पेटी कधी सुचली?"

"गेल्या साली. इथंच, जेवता जेवता."

वकिलांनी पेनाला टोपण लावलं. कोनाड्याकडे पाहिलं, मग पेटीकडे. त्यांची नजर तिसऱ्यांदा फिरली, तेव्हा मोरेश्वर ताडकन उठला.

"नलिनी, साहेबांले सांगून दे, तुम्ही दोघी चांगल्या बोलता म्हणून! अन् वहिनी, तुम्ही पण बोला न काही! माझ्या अपिलाचा सवाल हाय!"

नलिनी चहा गाळत राहिली.

मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोनाड्यातून आवाज आला :

"नलिनी, वकिलाले विचार बरं, दोन बायांच्या नावानं अर्ज चालते का?"