कूलरची चिठ्ठी

आरतीनं चिठ्ठी उघडली, मोठ्यानं वाचली आणि तोंड वाकडं केलं. "काकू, हा काय प्रश्न झाला? कूलर चालू असताना खोलीची खिडकी उघडी ठेवावी की बंद?"

"बंद," श्यामचा गट एका सुरात म्हणाला.

"बंदच," आरतीच्या गटातल्या मुलीही म्हणाल्या. ऑक्टोपसला हृदयं किती आणि मधमाशीला डोळे किती, यावर तासभर भांडून दोन्ही गट नऊ-नऊ गुणांवर आले होते. निकाल या शेवटच्या चिठ्ठीवर होता, आणि ती इतकी सोपी निघाल्याचा दोघांनाही राग आला.

सुट्टीत अकोल्याला जमलेल्या पुतण्या-भाच्यांसाठी चाळीस चिठ्ठ्या गीतांजलीनंच, त्यांच्या नव्या काकूनं, लिहिल्या होत्या. ही एक तिनं दोनदा डब्यातून काढली आणि दोन्ही वेळा परत टाकली.

सून म्हणून या घरात आल्याला तिला तिसरा महिना होता. सासरे, नत्थुजी, दुपारी बाराला कूलर लावत आणि मग समोरची खिडकी, मधलं दार, सगळं स्वतः फिरून बंद करत. फटींना जुनी कापडं खोचत. दोन तासांत फरशी चिकट व्हायची, वहीची पानं मऊ पडायची, अंगावरचा घाम वाळायचाच नाही. मिठाला पाणी सुटलं की सासूबाई, कौशल्याबाई, दुकानदाराला बोल लावायच्या. कारण काय ते गीतांजलीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते या घरात कसं बोलायचं, हे अजून कळलं नव्हतं.

"सांगा ना काकू. दोघांचंही बरोबर, मग गुण कोणाला?"

"दोघांचंही चूक," ती म्हणाली. "उघडी ठेवायची. थोडीशी."

सगळ्या मुलांनी दिवाणाकडे पाहिलं. तिथे तोंडावर ओला दुपट्टा टाकून नत्थुजी पडले होते. दुपट्टा हलला.

"कावून?" त्यांनी कारण विचारलं.

दारात गहू निवडत बसलेल्या कौशल्याबाई म्हणाल्या, "लेकराईचा खेळ हाय तो. झोपा तुमी."

"मी तिले इचारून राहिलो." नत्थुजी उठून बसले. "बाहेर पंचेचाळीस हाय. खिडकी उघडली त आगीचा लोट घरात येईन का नाई? बत्तीस वर्सं झाले, कूलर लावून राहिलो मी."

चिठ्ठी चुकून लिहिली म्हणावं, असं गीतांजलीच्या अगदी ओठांवर आलं. मुलं दुसरी काढतील, खेळ पुढे जाईल. पण चिठ्ठी तिच्याच अक्षरात होती.

"लोट आत येत नाही, मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली. "कूलर सतत बाहेरून हवा आत लोटतो. तेवढी बाहेर जायला वाट हवी. वाट नसली की ओली हवा कोंडते, मग घाम वाळत नाही." ती थांबली. "बघायचं असेल तर बघता येतं."

"कसं?"

तिनं पेपरची बोटभर रुंदीची पट्टी फाडली. फटीतली कापडं काढली. कडी काढताना बोटांना चटका बसला. खिडकी चार बोटं उघडून तिनं पट्टी फटीसमोर धरली. पट्टी आडवी झाली आणि तिचं टोक बाहेरच्या उन्हात फडफडू लागलं.

"बाहेर जाऊन राहिली," श्याम म्हणाला.

"वारा असंन तसा." नत्थुजी उठले. पट्टी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली. फटीच्या वरच्या टोकाला धरली, खालच्या टोकाला धरली. खिडकी लावून परत उघडली. मग पार भिंतीपर्यंत उघडली, तर पट्टी मरगळली आणि तोंडावर झळ आली.

"लय उघडली त जोर जाते," ते स्वतःशीच म्हणाले आणि खिडकी पुन्हा चार बोटांवर आणली.

श्यामनं पट्टीसाठी हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. बराच वेळ ते तिथेच उभे राहिले. मग मानेवरून हात फिरवला, कोरडा हात पाहिला, आणि कौशल्याबाईंकडे एकदा पाहिलं. गीतांजलीकडे पाहिलं नाही. दुपट्टा डोक्याला गुंडाळून, पट्टी खिशात घालून ते चपला अडकवून बाहेर पडले.

"या उन्हात कुठी चालले हे?" कौशल्याबाई म्हणाल्या.

गल्लीपलीकडे डोमाजींचं घर. त्यांचीही खिडकी बंद, कूलर चालू. खिडकीवर थापा पडल्याचे आवाज चार बोटांच्या फटीतून आत आले.

"डोमाजी, उघड खिडकी."

"भर दुपारी? ऊन लागलं का तुले, नत्थू?"

"उघड त. बस एवढीच. हे पट्टी धर आता."

खिडकी करकरली.

"अबे, हे त बाहेर ओढते," डोमाजी म्हणाले. "कोनं सांगतलं बे तुले हे?"

"'मीच शोधलं' म्हणतील आपले आबाजी," आरती कुजबुजली. "लाव पैज."

गीतांजली डब्यात चिठ्ठ्या परत भरत होती. तिचा हात थांबला. पलीकडे नत्थुजी आवाज उतरवून काहीतरी सांगू लागले होते, पण कूलरच्या घरघरीत शब्द कळेनात.

कौशल्याबाईंनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं. त्या उठल्या आणि फटीकडे कान देत त्यांनी कूलर बंद केला.