खाडा

"घ्या, संपली सुट्टी," म्हणत सिंधूने नवऱ्याच्या तळहातावर ॲस्पिरिनची गोळी ठेवली.

पूर्वी याच गोळीने त्यांचा दमा उफाळायचा. मग डॉक्टरांनी इस्पितळात ठेवून, थोडी थोडी देत ती अंगवळणी पाडली आणि वर्षानुवर्षं चोंदलेलं नाक मोकळं झालं. "रोज घ्यायची. खाडा नको," त्यांनी बजावलं होतं. सिंधूने तो कधी पडू दिला नाही. पण दाढ काढायची म्हणून दातांच्या डॉक्टरांनीच आठवडाभर गोळी बंद ठेवायला लावली.

तासाभरात नवऱ्याची छाती भात्यासारखी उडू लागली. पंपानेही उतार पडेना. फोनवर दम्याचे डॉक्टर ओरडले, "अहो, खंड पडला की अंगाची सवय मोडते! पुन्हा इस्पितळातच सुरू करायची असते! आणा लगेच!"

रिक्षात त्यांना बोलता येईना, तरी ते तिचा हात थोपटत राहिले. गोळी दिलेला, तोच हात.