पात्रतेची अट

एकलहऱ्याच्या शाळेत धात्रक बाई दर रविवारी मुलांचा कॉम्प्युटर क्लब चालवत. स्वतः पुस्तकं वाचून शिकलेल्या, दोन जुन्या मशीनवर पाच वर्षं क्लब ओढत होत्या. २००३ साली चौथ्या अर्जाला अनुदान मंजूर झालं. अट एकच, शिकवणाऱ्याकडे कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट हवं. बाईंकडे ते नव्हतं. ते होतं त्यांच्याच क्लबमध्ये माउस धरायला शिकलेल्या आयशाकडे.

“बाई, तुमच्या जागेवर मी नाही उभी राहणार,” आयशा रडवेली झाली.

“राहा गं. नाहीतर अनुदान परत जाईल. परत अर्ज करायचं त्राण नाही आता माझ्यात.”

पुढच्या रविवारी आयशा हजेरी घेत असताना बाई आल्या आणि मागच्या बाकावर टेकल्या.


“माझंही नाव लिही. सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसतेय मी.”