हलकी सॅक

इटलीच्या किनाऱ्यावर आम्ही दोघी पायी फिरत होतो आणि गावागणिक माझी सॅक हलकी होत होती. मोंतेरोसोला आठ किलो चारशे, वेर्नाझाला सात नऊशे, आज कोर्निलियाला सात दोनशे. हुकाचा वजनकाटा मी पाण्याची बाटली लटकवून तपासला. तो बरोबर होता.

म्हणजे माझी मैत्रीण वृंदा सॅकमध्ये हात घालत होती. आतल्या कप्प्यात माझ्या हृदयाचा रिपोर्ट होता, घरी कुणाला सापडू नये म्हणून सात महिने सोबत बाळगलेला. तो जागेवरच होता. पण तिने वाचला असला तर?

ती आंघोळीला गेल्यावर मी तिची सॅक उघडली. आत माझे जादाचे बूट, माझा स्वेटर, माझी लोणच्याची बरणी.

“सापडला चोरीचा मुद्देमाल?” दारात वृंदा केस पुसत उभी होती.

“रिपोर्ट वाचलास ना?”

“कसला रिपोर्ट? दर वीस पायऱ्यांना समुद्राचा फोटो काढायला थांबतेस, आणि फोटो एक नाही. मला दिसत नाही का गं?”

बरणी हातात धरून मी तिच्या पलंगावर बसले.

“झडप बदलायला सांगितलीय,” मी म्हणाले. “परत गेल्यावर करून घेते ऑपरेशन.”